गार सोलकढी आणि तुळसाबाईची माती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या केळी बागायतदार संघाचे चेअरमन माननीय गुरुदास गवस साहेब, सावंतवाडीहून दुकान बंद ठेवून आलेले प्रमुख पाहुणे, शेती-औषधांचे मोठे व्यापारी माननीय धनेश पेडणेकर, संघाचे सेक्रेटरी निलेश, व्यासपीठावर बसलेले आणि खुर्ची न मिळाल्यामुळे खाली बसून रुसलेले सर्व संचालक, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या माझ्या बागायतदार बंधू-भगिनींनो, सर्वांना रसिका धुरीचा नमस्कार.

आपण मला शाल दिलीत, नारळ दिलात. आभारी आहे. शाल लोकरीची आहे. दोडामार्गात, या उकाड्यात, लोकरीची शाल कोणाला सुचावी? पण संघाने आजवर जे जे सुचवलं त्यात ही शालच सर्वांत निरुपद्रवी, म्हणून मी ती आनंदाने पांघरून उभी आहे.

अध्यक्ष आत्ताच माझ्याबद्दल फार गोड बोलले. म्हणाले, "मॅडमनी इतकी वर्षं आपल्या लॅबमध्ये बुरशी जोपासली." आपण टाळ्याही वाजवल्यात. अध्यक्षसाहेब, मी बुरशी जोपासली नाही हो. बुरशी तुमच्या केळी मारते. जे बुरशीला मारतात, ते मी जोपासले. पोलीस चौकीच्या साहेबाला निरोप देताना "यांनी चोर फार छान सांभाळले" असं म्हटलंत तर त्या साहेबाला कसं वाटेल? पण असू द्या. तेव्हा कळलं नाही, आता निरोपाच्या दिवशी कळावं असा माझा हट्ट नाही.

सजावट मात्र छान झाली आहे. व्यासपीठावरच्या टेबलाकडे पाहा. काचेच्या बारीक नळ्या एका स्टँडमध्ये उभ्या केल्या आहेत आणि प्रत्येकीत पिटकुळीच्या लाल फुलांचा गुच्छ. धनेशराव त्यांचा फोटोही काढत होते मघाशी. त्या नळ्यांबद्दल मी पुढे बोलणार आहे. आणि दारात सगळ्यांना सोलकढी मिळाली ना? गार होती ना? तिच्याबद्दलही बोलणार आहे.

मी मूळची मालवणची, समुद्राकाठची. माझ्या माहेरी वाळूत माड आणि परसात मासळीचं खत. केळीच्या बागा मी पाहिल्या त्या इथे नोकरीला आल्यावर, आणि पाहिल्या त्या मरतानाच पाहिल्या. मर रोग. खालचं पान कडेने पिवळं पडतं, मग देठात मोडून बुंध्याभोवती लोंबतं, मग त्याच्या वरचं. बुंधा आडवा कापला की आत तपकिरी दोरे. हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही सगळ्यांनी कोयता मारून पाहिलं आहे. ही बुरशी मातीत राहते, मुळातून शिरते, पाण्याच्या वाटा बंद करते. पानावर काही मारलं तरी तिला पत्ता लागत नाही. बाग काढून टाकली तरी ती मातीत वर्षानुवर्षं वाट पाहत बसते. आपले संचालक जेवणाची वाट पाहतात तेवढ्याच चिकाटीने.

त्या साथीत तिलारीच्या कालव्याखालच्या सगळ्या बागा बसल्या. एक सोडून. तुळसाबाईची. तुळसाबाई म्हणजे कोण, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे, पण पाहुण्यांसाठी सांगते. एकटी बाई, तोंडाने तिखट, कोणाशी पटत नाही, माझ्याशीही पटत नाही. तिला शेतीतलं फार कळतं असंही नाही. तीच केळ, तीच जागा, तिच्या सासऱ्यापासून. पालापाचोळा तिथल्या तिथेच कुजू देते, तेही आळसाने. आजूबाजूच्या बागा पिवळ्या, मधे हिची हिरवीगार. मग आपण सुशिक्षित मंडळींनी काय निष्कर्ष काढला? कोणी म्हणालं तिच्या वाडीत देवचार आहे, तो राखण करतो. कोणी म्हणालं तिनेच बाकीच्यांवर करणी केली. या सभागृहात, याच खुर्च्यांवर बसून, त्या विषयावर चर्चा झालेली मी ऐकली आहे. करणीच्या बाजूने बोलणारे आज व्यासपीठावर आहेत. मी नाव घेणार नाही. त्यांनी निळा शर्ट घातला आहे.

मी त्या बाईकडे गेले आणि एक पिशवी माती मागितली. तिने आधी शिव्या दिल्या, मग माती दिली. त्या मातीच्या मी दोन वाटण्या केल्या. एक तशीच ठेवली. दुसरी भातासारखी वाफेवर शिजवली. दोन्हींत केळीचे कोंब लावले आणि दोन्हींत मर रोगाची बुरशी घातली. शिजवलेल्या मातीतली केळ मेली. कच्च्या मातीतली जगली. मग शिजवलेल्या मातीत कच्च्या मातीची एक मूठ मिसळून पाहिली. केळ पुन्हा जगली. देवचार वाफेवर शिजतो का हो? करणी मुठीने मिसळता येते का? मातीत काहीतरी जिवंत होतं, आणि ते उष्णतेने मरत होतं. एवढं कळायला देव लागत नाही, एक कुंडी लागते आणि थोडा धीर.

ते जिवंत म्हणजे जिवाणू. डोळ्यांना न दिसणारे, मुळाला चिकटून राहणारे. मी ते काचेच्या बशीत वाढवले तेव्हा निळ्या दिव्याखाली हिरवट चमकायचे. बशीच्या एका बाजूला बुरशी लावली, दुसऱ्या बाजूला या जिवाणूंची रेघ ओढली. बुरशी कापसासारखी पसरत आली, पसरत आली आणि मधेच थांबली. तिच्यात आणि रेघेत एक रिकामी, स्वच्छ पट्टी राहिली. तिथे बुरशीला पाय ठेवता येईना. कारण आपले जिवाणू एक द्रव्य सोडतात, प्रतिजैविक. ताप आला की डॉक्टर आपल्याला गोळ्या देतात, त्या जातीचं. धनेशरावांच्या दुकानाची पाटी लागायच्या फार फार आधीपासून ही मंडळी मातीत औषध बनवत आहेत, आणि पाटी लावलेली नाही.

आणि ते काही तुमच्या केळीवर उपकार म्हणून करत नाहीत. मुळातून गोडसर रस पाझरतो, तो यांचं जेवण. पंगतीत बसलेला माणूस आपलं पान दुसऱ्याला उचलू देत नाही, तसे ते बुरशीला मुळापाशी येऊ देत नाहीत. मातीतलं लोहसुद्धा ओढून धरतात, बुरशीला मिळू नये म्हणून. आपली एवढी तांबडी माती, पण त्यातलं लोह सहजी हाती येत नाही, आणि जे येतं त्याच्यावर यांची मालकी. आपापलं पोट सांभाळता सांभाळता झाड वाचतं. संस्था अशी चालावी असं मला नेहमी वाटायचं. आपली संस्था उलटी चालते, त्याला इलाज नाही.

मग लॅब झाली. आम्ही हे जिवाणू वाढवले, शंखजिऱ्याच्या पावडरीत मिसळले, पिशव्या भरल्या. कोंब लावताना मुळाला चोळायची आणि शेणखतात मिसळून खड्ड्यात घालायची, एवढं सोपं. पहिल्या पिशव्या तयार झाल्या आणि संघाला आपला आवडता कार्यक्रम आठवला. वाटपाचा समारंभ! मी हात जोडून सांगितलं, ही पावडर जिवंत आहे, सावलीत ठेवा, लगेच वाटा. पण मोठे पाहुणे यायचे होते. पिशव्या टेम्पोत भरल्या, टेम्पोला झेंडूची तोरणं बांधली, वर काळी ताडपत्री टाकली आणि ऐन वैशाखात संघाच्या अंगणात उभा केला. पाहुणे गोव्यात कुठेतरी जेवत होते. टेम्पोच्या पत्र्यावर पोळी भाजली असती. दुपार उलटल्यावर पाहुणे आले, नारळ फुटला, भाषणं झाली, आणि तुम्ही सगळे ती मेलेली पावडर आनंदाने घरी घेऊन गेलात.

त्यातही काही पिशव्या टेम्पोच्या खालच्या थरात वाचल्या असाव्यात. त्या अध्यक्षांच्या बागेत गेल्या. तिथे त्यांनी काय केलं? दोनदा ड्रम भरायचा त्रास नको म्हणून धनेशरावांच्या दुकानातलं तांब्याचं औषध आणि माझे जिवाणू एकाच ड्रममध्ये कालवले. तांब्याने बुरशी मरते, खरं आहे. जिवाणूही मरतात! हे पिशवीवर मोठ्या मराठी अक्षरांत छापलं होतं. मग या सभागृहात ठराव झाला की बाईंची पावडर चालत नाही, आणि सगळ्या बागांच्या मातीत तांब्याचं औषध ओतावं. ओतलं. एकाही सभासदाने का म्हणून विचारलं नाही. एकटी तुळसाबाई ड्रमवाल्यांच्या अंगावर झाडू घेऊन धावली. "माझी केळ मरूक नाय, मगे माका औषद कित्याक?" म्हणाली. त्याबद्दल संघाने तिला काढून टाकलं आणि संघाच्या गाडीने तिचे घड न्यायचे बंद केले. ती स्वतः रिक्षात घड घालून बाजाराला जाते, आणि जाताना संघाच्या दाराशी मुद्दाम थुंकते. ते मी खिडकीतून रोज पाहायची. मला ते आवडायचं.

पण त्यानंतर ज्यांनी नवी पावडर सांगितली तशी वापरली, सावलीत ठेवली, पुन्हा तांबं ओतलं नाही, त्यांच्या बागा उभ्या राहिल्या. सगळ्याच नाही, मी जादूगार नाही. पण पुष्कळ. समोरच्या रांगांत ते लोक बसलेत. ते कधी सभेत बोलले नाहीत. पावडर मागच्या दाराने न्यायची आणि हात मात्र अध्यक्षांसाठी वर करायचा, ही आपल्याकडची रीत.

आता त्या नळ्यांकडे येते.

जिवाणू पिशवीत फार दिवस टिकत नाहीत. म्हणून मूळ बी जपून ठेवावं लागतं. काचेच्या नळीत त्यांचं खाद्य थिजवायचं, त्यावर जिवाणू वाढवायचे आणि नळी फ्रिजमध्ये ठेवायची. ठराविक काळाने नव्या नळीत उतरवायचे. विरजण मोडू देत नाही ना आपण, तसं. तुळसाबाईच्या मातीतून आलेलं ते विरजण मी इतकी वर्षं मोडू दिलं नाही. बाहेरच्या मोठ्या संस्थेत एक जोड ठेवायला द्या, म्हणून मी अध्यक्षांच्या मागे लागले होते. ते म्हणाले, "आपलो जंतू भायर कशाक? आपल्याकडेच ऱ्हवांदे." त्यांना वाटलं, बाहेरचे पळवतील. म्हणून राखीव जोडही मी त्याच फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवली.

आज सकाळी मी लॅबमध्ये गेले. उद्यापासून लॅब बंद. तिथे धनेशरावांचा विक्री-विभाग येणार आहे, पाटी रंगवूनही झाली आहे. म्हटलं, निघण्याआधी नळ्या शेवटच्या उतरवून घ्याव्यात. फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात सोलकढीचं पातेलं. खालच्या कप्प्यात सोलकढीचं पातेलं. माझ्या निरोपासाठी!

मी निलेशला हाक मारली. तो हसत हसत आला. "मॅडम, साहेबांनी सांगल्यानी, सोलकढीक फ्रिज खाली कर. आत कुसक्यो नळ्यो होत्यो. कढत पाण्यान बऱ्यो धुवन काडलंय. बघा कशो चकचकतत!"

निलेश, मान खाली घालू नकोस. तू वाईट माणूस नाहीस. तू नळ्या कचऱ्यात टाकल्या असत्यास तर मी उकिरडा उपसून काढल्या असत्या. पण तू काम मन लावून केलंस. उकळत्या पाण्याने, साबणाने, ब्रशने. आणि वर फुलं खोचलीस. संघात कोणी कधी एखादं काम इतकं नीट केल्याचं मला आठवत नाही.

मी तिथे स्टुलावर बसून रडले. हे सांगायला मला लाज वाटत नाही. राग तर आलाच, पण आधी रडू आलं. माझं उभ्या आयुष्याचं काम त्या नळ्यांत होतं, आणि तुम्ही सगळे आत्ता त्याच्या जागी गार केलेली सोलकढी पिऊन तृप्त बसला आहात. चांगली झाली होती ना? मी घेतली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम निवृत्त झाल्या, लॅब बंद झाली, नळ्या गेल्या तर गेल्या, आमचं काय बिघडलं? काय बिघडलं ते अध्यक्षांना विचारा. हो, साहेब, तुम्हालाच म्हणते. पाणी प्या थोडं.

मागच्या आठवड्यात आपले अध्यक्ष लॅबच्या मागच्या दाराने आले. ज्या दाराने तुम्ही सगळे येता त्याच. लॅब बंद करायच्या ठरावावर त्यांची सही ताजी होती. मला म्हणाले, "मॅडम, माका थोडी पावडर व्हयी. पण ह्या कोणाक सांगू नकात." त्यांच्या नव्या बागेच्या एका कोपऱ्यात खालची पानं पिवळी पडली आहेत. त्यांनी बुंधा कापून पाहिला. आत तपकिरी दोरे. अजून कोपऱ्यातच आहे. बाकीची बाग वाचवायची तर चांगल्या केळींच्या मुळाशी आता, याच दिवसांत, पहारा बसायला हवा. मी म्हटलं, देते, नवा घाणा लावते, जाण्याआधीचं शेवटचं काम म्हणून. त्यांनी कोणाला सांगू नका म्हटलं होतं, मी सांगितलं नव्हतं. पण साहेब, तो घाणा आता कशाचा लावू? तुमची बाग वाचवणारं बी आज सकाळी तुमच्याच हुकमाने धुतलं गेलं, आणि तुम्ही त्यावर दोन ग्लास सोलकढी घेतलीत. मी मोजत नव्हते, तुम्हीच म्हणालात आणखी एक आण.

आणि समोर बसलेल्यांनो, हसू नका. तुमच्यापैकी किती जणांच्या बागेत खालचं पान पिवळं आहे? हात वर करू नका, तुम्ही करणारही नाही. पण घरी जाताना पाहा.

ते जिवाणू आता कुठे आहेत? ज्या ज्या मातीत तांबं ओतलंत तिथे शोधून मिळतील याची मला खात्री नाही. खात्रीने एकाच ठिकाणी आहेत. जिथून मी ते आणले तिथेच, झाडूवाल्या बाईच्या बागेत.

म्हणून मी आज भर दुपारी स्कूटर काढून तुळसाबाईकडे गेले. ती खळ्यात सुपारी सोलत बसली होती. माझा चेहरा पाहून म्हणाली, "काय गो बाय, रडतंस कित्याक? मेला कोण?" मी सांगितलं. नळ्या, सोलकढी, फुलं, सगळं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मी माती मागितली. म्हटलं, एक पिशवी दे, पुन्हा पहिल्यापासून शोधून काढते. लॅब नसली तर माझ्या स्वयंपाकघरात करते.

ती म्हणाली, "माती कोणाच्या बागेक व्हयी?"

मला खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही. म्हटलं, आधी गुरुदासच्या, मग सगळ्यांच्या.

तिने सुपारी सोलायची थांबवली. म्हणाली, "मगे तू कित्याक इलंस? ज्याका व्हयी त्येका पाठव."

मी पुष्कळ समजावलं. चेअरमन आहेत, मानाचा प्रश्न आहे, लोक काय म्हणतील. ती एकच बोलत राहिली, ज्याका व्हयी त्येका पाठव. रिकाम्या हाताने मी परत आले, साडी बदलली आणि तुमच्या समारंभाला येऊन बसले. सकाळी माझं मन झालं होतं की येऊच नये. आले ती शाल घ्यायला नाही. तुळसाबाईचा निरोप द्यायला आले. निरोप समारंभात निरोप द्यायचा राहिला असं नको.

तर अध्यक्षसाहेब, माझी तयारी आहे. माती मिळाली तर उद्यापासून मी पुन्हा बश्या मांडते, निवृत्त असले तरी. लॅबवरची ती नवी पाटी उतरवायची का, हे तुम्ही आणि धनेशराव ठरवा. मी कोणापुढे हात जोडणार नाही. पण माती आणायला माणूस एकच चालेल, आणि तो मी नाही. करणीवाली, भांडखोर, संघातून काढलेली, जिचे घड तुम्ही गाडीत घेत नाही, त्या बाईच्या दारात तुम्ही स्वतः जायचं आहे. संचालक मंडळ नको, हार नको, फोटोवाला नको, टेम्पो तर मुळीच नको.

आणि निघताना तिने मला मागून हाक मारून एक गोष्ट बजावली. तीही सांगते, म्हणजे माझ्यावरचं ओझं उतरेल. मर रोगाची बुरशी मातीबरोबर चपलांना चिकटून एका बागेतून दुसरीत जाते. हे मीच तिला केव्हातरी सांगितलं होतं. आयुष्यात तिने माझं ऐकलं ते एवढं एकच. फाटकाशी पाण्याची बादली तिने भरून ठेवली आहे.

म्हणाली, "येवंदे त्येका. पण फाटकाभायर चपला काढूक सांग आणि पाय धुवक सांग. त्येच्या बागेतली घाण माझ्या केळींका नको."

आपण मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत असं म्हणायची पद्धत आहे. मीच आपल्याला सांभाळून घेतलं, पण पद्धत मोडत नाही, आभार मानते. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. कोणाचं दुखावायचं राहून गेलं असेल तर त्यांनीही क्षमा करावी, आज वेळ कमी होता. आणि अध्यक्षसाहेब, उजेड आहे तोवर निघालात तर बरं. ती दिवेलागणीला फाटक लावते.

नमस्कार.